सप्टेंबरातला फुलोरा

वालबुर्गाला सगळं गाव बुर्गी म्हणे आणि तिच्याशी वाद घालायच्या फंदात सहसा कुणी पडत नसे. टेकडीच्या पोटात बिअरचं जुनं तळघर, त्याच्यावर तिची बाग. बागेत थोडी बाकं, बिअर द्यायची लाकडी खिडकी आणि सगळ्यांवर सावली धरून उभा असलेला एक म्हातारा चेस्टनट वृक्ष. त्याची फळं खाण्याची नव्हेत, पोरांनी खिसे भरण्याची. लोक पाव, चीज, मुळा घरून आणत, बिअर मात्र बुर्गीचीच घ्यायची. कुणी घरची बाटली काढलीच, तर तिची नुसती नजर पुरत असे.

पानगळ सुरू झाली की तिचा नवरा किलियान सगळी पानं ओढून बुंध्याशी जाड थर रचायचा. "म्हाताऱ्याचे पाय गारठतात गं," म्हणायचा.

"माझ्या पायांची कधी एवढी काळजी केली नाहीस!" बुर्गी फणकारायची.

किलियान गेला आणि ते काम तिने आपल्याकडे घेतलं. त्याच्या थडग्यावर फुलं वाहायला ती एखादे वेळी विसरे, पण झाडाची ही पानांची दुलई कधी विसरली नाही. कंबर मोडायची, तरी दुसऱ्या कुणाला ती दाताळ्याला हात लावू देत नसे.

पुढे पुढे झाड भर उन्हाळ्यातच तपकिरी पडू लागलं. करपलेली पानं गिऱ्हाइकांच्या मगात पडायची. एका वर्षी तर ऑगस्टमध्येच निम्मं झाड उघडं पडलं. झाड गेलं तर बाग गेली, आणि बाग गेली तर किलियानचं उरलं काय?

मग सप्टेंबरात एका सकाळी त्या उघड्या फांद्यांवर पांढरे तुरे उमलले. मे महिन्यात यावेत तसे. बघायला अख्खं गाव लोटलं. बुर्गी डोळे पुसत प्रत्येकाला सांगत होती, "किलियानने पाठवलेत."

गर्दीत ऑटमारही होता. हा किलियानचा पत्त्यांतला भिडू, आयुष्यभर बस चालवलेला. गर्दी पांगल्यावर तो म्हणाला, "बुर्गी, रागावू नकोस. माझ्या बहिणीच्या गावात असंच झालं होतं. झाड खंगलं की असं अवेळी फुलतं. पानांत अळी आहे. तिचे कोष गळलेल्या पानांत थंडी काढतात आणि वसंतात पतंग होऊन पुन्हा झाडावर चढतात. तुझी ती दुलई..."

"काय माझी दुलई?"

"त्यांनाच ऊब देते गं."

बुर्गीने त्याच्या पुढ्यातला अर्धा भरलेला मग उचलला आणि आत निघून गेली.

पण दुसऱ्या दिवशी तिने एक पान उचलून उन्हात धरलं. तपकिरी डागाच्या आत, पापुद्र्याखाली, इवलीशी अळी वळवळत होती. ती बाकावर बसली. मायेने पांघरूण घालणारा तिचा नवरा वर्षानुवर्षं झाडाच्या वैऱ्यालाच निजवत होता, आणि त्याच्यामागे ती. त्याचा राग येत नव्हता, हेच तिला जास्त लागलं. भांडायला तो समोर तरी हवा होता.

पानं गळली तेव्हा तिने एकन् एक पान पोत्यांत भरलं. ऑटमार गाडी घेऊन आला आणि त्याने ती पोती नगरपालिकेच्या खतखान्यात नेऊन टाकली, जिथे ढिगाच्या उष्णतेने कोष मरतात. बुंधा उघडा पडलेला बघून बुर्गीला हुंदका फुटला. "चुकलास रे किलियान," ती मोठ्याने म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने हजारदा म्हटलं होतं, पण आज त्यावर उलट उत्तर आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पानं बऱ्यापैकी हिरवी राहिली. डाग होते, पण सावली टिकली.

सप्टेंबर लागला तशी बुर्गी रोज सकाळी वर बघू लागली. महिना सरत आला तेव्हा ऑटमारने विचारलं, "काय गं, आला का फुलोरा?"

"नाही आला," ती म्हणाली. "देवाची कृपा."

मग तिने त्याच्यापुढे काठोकाठ भरलेला मग ठेवला, आणि किलियानच्या रिकाम्या जागी बसून बराच वेळ त्या हिरव्या फांद्यांकडे बघत राहिली. एक तरी तुरा दिसावा, असं तिला अजूनही वाटत होतं.