गुणाजीकाका तीन तास बसले

गुणाजीकाका घाटकोपरला भटवाडीत आमच्या समोरच्या खोलीत राहतात. एका शाळेत शिपाई आहेत, सत्तावीस वर्षं. मागच्या वर्षी तिथले क्लार्क रिटायर झाले आणि संस्थेने काकांना सांगितलं, बारावी काढा, जागा तुमची, पुढच्या ऑगस्टपर्यंत थांबतो, नंतर बाहेरचा माणूस घेऊ. काका दहावी पास, वय एकोणपन्नास. त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे बाहेरून बारावी, आर्ट्स, आणि माझ्याकडे माझा जुना सराव पेपरांचा संच मागितला. मी तो रद्दीत घालणार होते.

त्यांना येत नव्हतं असं अजिबात नाही. इतिहास तर ते मला शिकवतील. प्रॉब्लेम बसण्याचा होता.

पहिला सराव पेपर रविवारी आमच्या घरी, अकरा ते दोन. साडेअकराला काका उठले, दारापर्यंत गेले, परत आले, लिहायला लागले. मला वाटलं बाथरूम. बाराला परत तेच. साडेबाराला परत. घड्याळ त्यांच्या पाठीमागे होतं. मी विचारलं कुठे जाताय, तर म्हणाले खंय नाय गो. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "घंटा कोण देतलो?"

सत्तावीस वर्षं बोर्डाच्या परीक्षेत दर अर्ध्या तासाला टोल दिलाय या माणसाने. परीक्षा म्हटलं की बाकीचे बसतात आणि काका उभे असतात, इतकं साधं आहे ते.

त्यांची बायको शेवंतीकाकू म्हणाल्या पाय खुर्चीला बांधू. काका तयार झाले, मी नाही म्हटलं. शेवटी असं ठरलं की काकूंनी दर अर्ध्या तासाला ताटावर पळी वाजवायची, म्हणजे घंटा दुसरं कोणीतरी देतंय हे काकांच्या पायांना कळेल. तिसऱ्या पेपरला काका अर्धे उठून परत बसले. सहाव्याला फक्त मान वर केली आणि काकूंना सांगितलं की टोल दोन मिनिटं उशिरा पडला. अकराव्याला काहीच नाही. असे चौदा पेपर झाले. खालच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, दर रविवारी कसली पूजा असते तुमच्याकडे.

फेब्रुवारीत परीक्षा, सेंटर मुलुंडला. सगळे पेपर बसून दिले. राहिला शेवटचा, अर्थशास्त्र. पाऊणच्या सुमारास मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, सर पुरवणी. सर पुढच्या कोपऱ्यात सह्या करत होते. काका उठले, टेबलावरची पुरवणी घेतली, तिच्या बाकावर नेऊन ठेवली, बांधायला दोरा दिला, आणि परत येताना अजून एकाला विचारलं की तुला पण हवी का.

पेपर काढून घेतला. कॉपीचा संशय. केंद्रप्रमुखांना बोलावलं. काकांचं म्हणणं एवढंच की सवय आहे साहेब. पंचवीस मिनिटांनी पेपर परत मिळाला. तोपर्यंत काका पॅसेजमध्ये होते, उभे.

अर्थशास्त्रात एकतीस. पास पस्तीसला. बाकी सगळे विषय सुटले.

मी रडले. काका माझी समजूत काढत होते, जे उलटं आहे. पण चौदा पेपर घेतले यार, आणि एकदाही कोणी पुरवणी मागितली नाही. कारण काका फुलस्केप वहीत लिहायचे आणि खोलीत परीक्षेला दुसरं कोणी नसायचं. माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता जुलैची फेरपरीक्षा, हा शेवटचा चान्स. या वेळी टेबलाभोवती चौघं बसलो, काका, काकू, मी आणि माझा भाऊ सुयोग, नववीतला. आम्ही मागायचं, काकांनी उठायचं नाही. पहिल्या दिवशी काका सात वेळा उठले. सुयोग पेन पाडायचा, पाणी मागायचा, ओ शिपाईकाका इकडे या ना म्हणायचा. काकूंनी त्याला दम दिला की मोठ्या माणसाला असं हाक मारतात का. काका मान खाली घालूनच म्हणाले, "मारू दे. जोरात मार रे."

शेवटच्या आठवड्यात सुयोग घसा बसेपर्यंत ओरडला. काकांचे कान लाल झाले. पण लिहीत राहिले.

पेपरच्या दिवशी मी सेंटरच्या गेटवर थांबले होते. दोन वाजून गेल्यावर काका बाहेर आले. सगळं लिहिलं का विचारलं, तर हो म्हणाले. मी म्हटलं झकास. बसस्टॉपपर्यंत चालत गेलो.

मग म्हणाले, "शेजारच्या चेडवान तीन वेळा पुरवणी मागल्यान. कोणी बघूक नाय. पाच मिनिटां गेली तिची."

"मग तुम्ही?"

"मी बसान होतंय."

एक्कावन्न आले. पंधरा ऑगस्टच्या आत ऑर्डर निघाली, काकूंनी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. रिझल्ट काकांनी माझ्याच फोनवर बघितला, दोनदा, फोन परत दिला, आणि विचारलं की सीट नंबर माहीत नसेल तर दुसऱ्या कुणाचा रिझल्ट बघता येतो का. मी म्हटलं, नाही काका.