चार गावांची मेट्रन

"कोण आलं नाही?"

शुक्रवारी सकाळी खोलीत आल्यावर मेट्रनबाईंचा पहिला प्रश्न हाच असे. चष्मा ओढणीच्या टोकाला पुसत त्या दारातच उभ्या राहत आणि खुर्च्यांवरून नजर फिरवत. आम्ही इस्त्रीचे कपडे घालून वेळेवर येऊन बसलेलो असायचो, पण आमच्याकडे त्यांचं लक्षच नसे. तुम्हीही सभासमारंभांना गेला असाल. तिथे आलेल्यांची मोजदाद होते, आलेल्यांचे आभार मानले जातात. न आलेल्यांवर एवढा जीव टाकणारं माणूस मी ते एकच पाहिलं.

बाई संगमनेरकडच्या. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकल्या, दोन वर्षांच्या करारावर सौदीला आल्या आणि वीस वर्षांहून जास्त राहिल्या. अबकैकजवळच्या एका खाजगी दवाखान्यात त्या मेट्रन होत्या, म्हणून सगळेच त्यांना मेट्रन म्हणत, आमचे धर्मगुरू पाळकसाहेबसुद्धा. उंची जेमतेम पाच फूट. पांढऱ्या गणवेशावर काळा अबाया, आणि अबायाच्या खिशात कायम एक थर्मामीटर.

आमची मंडळी ख्रिस्ती, अँग्लिकन पंथाची, चार गावांत विखुरलेली. खोबर, अबकैक, हुफूफ आणि पार उत्तरेला हफ्र अल बातिन. चारांना मिळून पाळक एकच. ते बहरीनहून पूल ओलांडून महिन्यातून एकदा येत, तेही व्हिसा मिळाला तर. त्या देशात आम्हाला उघड उपासनेची परवानगी नाही. आपल्या घरात, आपल्या माणसांत, शेजाऱ्याला त्रास न देता काय ते करायचं. या सगळ्याचा कारभार पाहायला एक समिती होती. एक इंग्रज इंजिनिअर तिचे अध्यक्ष होते आणि मेट्रनबाई वॉर्डन. वॉर्डन म्हणजे खरं तर कारभारीच. पाळक कोणत्या गावी जातील, कोणाकडे उतरतील, ते नसतील तेव्हा उपासना कोण चालवेल, कोणाचं कोणाशी बिनसलंय, सगळं त्यांच्या डोक्यावर.

मी त्यात कसा सापडलो ते सांगतो. मूतखड्याच्या कळा येऊन मी दवाखान्यात पडलो होतो. बाईंनी माझा फॉर्म वाचला आणि मराठीत विचारलं, "नाशिकचे ना? देवळात जाता?"

"जायचो," मी म्हणालो. चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात. आमच्या घरात तीन पिढ्यांचा रिवाज, माझा मात्र सुटत आला होता.

त्यांनी फॉर्म पुन्हा पाहिला. "अक्षर बरं आहे. शुक्रवारी जेवायला या."

जेवायला म्हणजे उपासनेला. फोनवर आम्ही असंच म्हणायचो. पण बाईंना खोटं बोललेलं चालत नसे. जेवण म्हटलंय ना, मग जेवण झालंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे दर शुक्रवारी त्या तीस-चाळीस माणसांचा रस्सा शिजवत. प्रार्थनेच्या मध्येच उठून भात बघायला जात आणि आमेनच्या आत परत येऊन बसत. पहिल्याच शुक्रवारी त्यांनी समितीची इतिवृत्तं लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं.

बायकांना तेव्हा तिथे गाडी चालवता येत नव्हती, आणि परक्या पुरुषाबरोबर एकटीनं गाडीत बसणंही धोक्याचं. म्हणून गावोगावी जायचं तर मी चालवायचो, माझी बायको रूथ माझ्या शेजारी आणि बाई मागे, मांडीवर पातेलं घेऊन.

समितीत त्यांचं सगळ्यात मोठं भांडण नाताळावरून व्हायचं. खोबरची मंडळी मोठी. कंपाउंडमधला मोठा हॉल, गाणारी माणसं, एक पियानोसुद्धा. नाताळाला पाळक आपल्याकडेच असावेत असं त्यांना वाटे, आणि त्यात गैर काही नव्हतं. हफ्रला काय, पाच नर्सा आणि दोन-चार कामगार, शिवाय जायला पाच तास. बाई सगळं ऐकून घेत आणि आपल्या तुटक इंग्रजीत अध्यक्षांना सांगत की, ज्यांच्याकडे पियानो आहे त्यांना पाळक कशाला लागतो? अध्यक्ष हसत. एक वर्षाआड नाताळ हफ्रला जाई.

एवढा हट्ट त्यांना कुठून आला, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. एकदा आम्ही हुफूफला चाललो होतो. तिथे त्या वेळी आमचं कोणीच राहत नव्हतं. तरीही यादीत हुफूफ होतं, आणि दर महिन्याला तिथे जाऊन, ओळखीच्या एका घरी अर्धा तास बसून, कोणी नवीन आलंय का याची चौकशी करून आम्ही परत येत असू. खजुरीची झाडं दिसायला लागल्यावर रूथनं न राहवून विचारलं की, बाई, कोणी नाही तर आपण जातो कशाला?

मग बाईंनी सांगितलं. पूर्वी हुफूफला एक म्हातारा होता, खजुराच्या शीतगृहात मशीन दुरुस्त करणारा. आपला तो एकटाच. एका माणसासाठी पाळकांची अख्खी सकाळ जाते, म्हणून बाईंनीच समितीत ठराव मांडला की त्यानं अबकैकला यावं. तासाभराचा तर रस्ता. ठराव एकमतानं झाला. म्हातारा खजुराच्या ट्रकमधून दोनदा आला, मग येईनासा झाला. बाईंना वाटलं, गेला असेल मायदेशी. काही महिन्यांनी हुफूफच्या इस्पितळातून एका नर्सचा फोन आला. तो वारला होता. त्याच्या सामानात आमच्या उपासनेचा कागद होता आणि त्यावर पेन्सिलीनं बाईंचा नंबर.

"त्यानं मला फोन केला नाही," बाई म्हणाल्या. "का केला नाही, माहीत नाही. पण मी तरी कुठे केला होता?"

पुढच्याच वर्षी हुफूफच्या एका दवाखान्यात दोन फिलिपिनो नर्सा आल्या. आल्या त्या महिन्यातच आम्ही त्यांच्या दाराशी उभे होतो.

मग सौदीकरणाची, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी स्थानिकांना घेण्याची, वर्षं आली. कोणत्या कंपनीत स्थानिक माणसं किती, त्यावरून सरकार-दरबारी तिचा रंग ठरे, लाल, पिवळा की हिरवा. रंग बदलला की आमच्यातलं कोणीतरी इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, परत करून निघे. शुक्रवारी निरोपाचा केक कापायचा, पुढच्या शुक्रवारी दुसऱ्याचा. खोबरचा पियानो वाजवणारी बाई गेली आणि तो तसाच बंद राहिला. रागवावं कोणावर हेही कळत नव्हतं. देश त्यांचा, मुलं त्यांची शिकलेली, त्यांना काम नको का?

बाईंनाही नोकरी संपल्याचं पत्र आलं. त्यांच्या जागी एक सौदी मुलगी येणार होती. तिला शीर शोधून सुई लावायला बाईंनीच शिकवलं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा त्या तिला कपाटांच्या किल्ल्या समजावून देत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. चांगलं झालं." आणि मग त्या एकच टॉवेल घडी घालून उलगडत राहिल्या, दोनदा, तीनदा. मी खिडकीबाहेर पाहत उभा राहिलो.

त्यांच्या जाण्याआधी समितीत अध्यक्षांनी जड मनानं विषय काढला. माणसं उरली नाहीत, पाळकांना व्हिसा मिळणं कठीण झालंय, आता फक्त खोबर चालू ठेवावं. या वेळी कोणाकडेच दुसरा उपाय नव्हता. बाईंनी वाद घातला नाही. मतदान पुढच्या महिन्यावर ढकला, एवढंच म्हणाल्या, हफ्रला मी स्वतः जाऊन सांगेन. अध्यक्ष म्हणाले, फोनवर सांगता येईल. बाई म्हणाल्या, "फोनवर नाही."

खोबरच्या मंडळीनं त्यांच्या निरोपाचं मोठं जेवण ठरवलं होतं. बाईंनी हफ्रला जाण्यासाठी नेमका तोच शुक्रवार घेतला. मी, रूथ, पाळकसाहेब आणि बाई पहाटे निघालो. वाटेत वाळू आणि उंट, दुसरं काही नाही. पोहोचलो तेव्हा खोलीत एकच माणूस होता. सियालकोटकडचा युसुफ, नगरपालिकेच्या कंत्राटदाराकडे सफाईचं काम करणारा. पाचही नर्सा आणि बाकीचे कामगार तीन आठवड्यांत गेले होते. त्यानं आम्हाला कळवलं नव्हतं, कारण कळवलं तर आम्ही येणार नाही अशी त्याला भीती होती. पण फरशी धुतलेली होती, खुर्च्या ओळीत मांडलेल्या होत्या आणि जेवण तयार होतं. त्या दिवशी त्यानं बाईंना स्वयंपाकघरात शिरू दिलं नाही.

पाळकांनी पूर्ण उपासना चालवली, एक ओळ न गाळता. प्रभुभोजनाचा विधी झाला, जेवण झालं. मग बाई त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि हिंदीत त्यांनी सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही. आपणही चाललो, हेही सांगितलं.

युसुफनं ताटं एकात एक ठेवली. "मेट्रनजी," तो म्हणाला, "अभी तो मैं हूँ."

पुढच्या समितीत बाकीची गावं बंद करण्याच्या ठरावाविरुद्ध एकच मत पडलं, ते बाईंचं. ते मी लिहून घेतलं. सभा संपल्यावर त्यांनी माझ्या हातात एक वही दिली. चार गावांतले सगळे नंबर तिच्यात होते. काही नावांवर बारीक रेघ होती आणि पुढे त्या माणसाचं मायदेशातलं गाव लिहिलेलं.

"भाऊ, पाळक जातील न जातील," त्या म्हणाल्या. "दर शुक्रवारी फोन गेला पाहिजे."

विमानतळावर त्यांना पहिल्यांदाच आम्ही साडीत पाहिलं. अबाया हातावर टाकलेला. रूथ रडली. बाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे की काय म्हणून, आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यापुढे एक उंच माणूस होता. त्याच्याआड त्या दिसेनाशा झाल्या.

चार दिवसांनी संगमनेरहून फोन आला. भावाच्या घरी उतरल्या होत्या, मागे भाचवंडांचा कालवा ऐकू येत होता. म्हणाल्या, "इथं सगळी माझीच माणसं आहेत, भाऊ. मला करमत नाही." मी काहीतरी समजुतीचं बोललो. काय बोललो, ते आठवत नाही.

त्या शुक्रवारी मी युसुफला फोन लावला. त्यानं आधी विचारलं की त्या नीट पोहोचल्या का. पोहोचल्या, म्हणालो. पाळकासारखं बोलणं मला येत नव्हतं, आणि फोन ठेवायलाही मन होईना. थोड्या वेळानं तोच गाऊ लागला. स्तोत्रांना पंजाबी ख्रिस्ती लोक जबूर म्हणतात, त्यातलं एक पंजाबी जबूर. आवाज जाडाभरडा, चाल मला अनोळखी, शब्दही अर्धेच कळत होते. रूथनं शेगडीचा गॅस बंद केला, म्हणजे नीट ऐकू यावं, आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. गाणं संपलं. पलीकडे रस्त्यावरून एक ट्रक गेल्याचा आवाज आला. त्यानं फोन ठेवला नाही, आणि आम्हीही नाही.