पत्र्याच्या चौकटीमागची आई

"त्या पिक्चरमधी मी हाय," असं आई जन्मभर सांगायची आणि आबा जन्मभर चिडवायचे, "हाय की, मानेपासून खाली!" येडगावच्या नदीकाठी शूटिंग झालं तेव्हा गावातल्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन चढावरून चालवल्या होत्या. जत्रेतल्या तंबूत पिक्चर लागला, तेव्हा पडद्यावर नुसती लुगडी दिसली. आई आता नाही. परवा या ब्लॉगवर जुन्नरच्या एका वाचकाने कळवलं, तंबूत प्रोजेक्टरचं मशीन चालवणाऱ्या रफीकचाचांकडे त्या पिक्चरचं एक रीळ अजून आहे. मग काय, निघालेच!

पुण्याहून एसटी पकडा, बायकांना अर्धं तिकीट. अवसरी फाट्याला कॉलेजची पोरं उतरली तेव्हा कुठे मला बसायला मिळालं. नारायणगावला मिसळ खा, नाक पुसत खावी लागते. तिथून जुन्नरला जीप मिळते.

चाचांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागच्या खोलीत मशीन. भिंतीवर रुंद चित्र आलं, चढावर बायका, डोकी नाहीतच.

"चाचा, एवढंच आहे?"

"फिल्मवर समदं हाय, ताई. रुंद पडद्याची लोकांना लई हौस, अन् त्याचं भिंग लई महाग. मग साध्याच फिल्मवर शूटिंग करायचं, अन् दाखवताना मशीनमधी पत्र्याची चौकट घालून चित्राची वरची-खालची पट्टी झाकायची. स्वस्तात रुंद पिक्चर!"

त्यांनी चौकट काढली. वर लोंबणारा माइक दिसला, आणि त्याखाली आई. विशीतली. बाकीच्या समोर बघतायत, ही कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. अगं, आत्ता शेजारी हवी होतीस! मी हमसाहमशी रडले. चाचांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावला, मी मोबाईलवर घेतला.

परतताना रिक्षाने येडगावला गेले. धरण बघण्यासारखं आहे, तो चढ मात्र मला काही सापडला नाही.

घरी आबांसाठी टीव्हीवर लावलं, तर आमच्या दीडशहाण्या टीव्हीने चित्र पडदाभर मोठं केलं. डोकी पुन्हा गायब! मी रिमोट शोधायला लागले.

"ती दुसरी," आबा म्हणाले. "डावा पाय तिरका टाकती ना, तीच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तंबूतच वळखली व्हती."

"मग चिडवत कशाला होतात?"

"चिडली की लई गोड दिसायची. सांगू सांगू म्हणता ऱ्हायलंच."

रिमोट सापडला. बटण दाबलं, आईचा चेहरा आला. आबा उठून टीव्हीपाशी गेले.

"हायेस गं," ते म्हणाले. "हायेस तू त्यात."