खट्ट आणि खुट्ट

माणसाच्या तोंडाकडे न बघता आधी त्याच्या पायांकडे बघणारे लोक जगात दोनच प्रकारचे. एक चपलांचे दुकानदार आणि दुसरे माझे सासरे. दुकानदार निदान गिऱ्हाईक उठल्यावर तरी डोळे वर करतो. आमचे मामा (सासऱ्यांना मी मामा म्हणतो) पाहुणा चहा पिऊन, घरच्यांची विचारपूस करून, निरोप घेऊन निघाला तरी त्याच्या टाचांवरच नजर ठेवून असतात. तो फाटकाबाहेर पडला की मग मत देतात. "मानूस चांगला आहे. पन टाच आधी टेकवतो. ह्याच्या पायाखाली बटन सहा महिने टिकायचं नाय."

हे बटन कुठलं ते सांगायला हवं. मी शहापूरला कारकुनी करतो आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या गायन पार्टीत गिटार वाजवतो. गिटार आणि स्पीकर यांच्यामध्ये जमिनीवर एक लहानशी पेटी असते, तिला पेडल म्हणतात. पेडलवरचं बटन पायाने दाबलं की गिटारचा साधा आवाज खरखरीत होतो, किंवा दरीत हाक मारल्यासारखा घुमतो. पुन्हा दाबलं की पहिल्यासारखा. मी पोटाला चिमटा घेऊन एक पेडल विकत घेतलं होतं. टोकावड्याजवळच्या एका लग्नात नवरदेव मांडवात शिरत असतानाच त्याचं बटन खाली गेलं ते वर आलंच नाही. पुढची तीन गाणी खरखरीत आवाजातच झाली. वधूच्या आत्या जनरेटर बंद करा म्हणून सांगायला दोनदा येऊन गेल्या. मामा त्या लग्नात पंगतीला बसले होते. जेवण अर्धं टाकून ते उठले, ते मेलेलं पेडल काखेत मारलं आणि मुरबाडला घरी घेऊन गेले.

मामांची उभी हयात एसटीच्या गाड्यांची वायरिंग दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांची घरातली प्रत्येक वस्तू एकेकदा उघडून झाली होती आणि मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, काळजीत होत्या की आता काय. तेवढ्यात हे पेडल हाती लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "जावई, आतलं सगळं शाबूत आहे. मेलाय तो नुसता दारावरचा दरवान, बटन."

मग त्यांनी मला स्वतःच्या हाताने नवीन पेडल बनवून दिलं, स्टीलच्या जुन्या डब्यात. आतली जोडणी मोबाइलवर नकाशा बघून दोन दिवसांत झाली. बटन निवडायला दोन महिने लागले. पुढे तालुक्यातल्या आणखी चार-पाच वाजवणाऱ्यांना त्यांनी पेडलं करून दिली आणि प्रत्येक वेळी हेच प्रमाण राहिलं. मी एकदा म्हटलं, "मामा, सरळ भारीतलं बटन मागवू ना." त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या पायांकडे, खिन्नपणे बघितलं. "भारीतलं चांगलं घ्यायला अक्कल लागत नाय, जावई. स्वस्तातलं टिकाऊ शोधायला लागते."

हा शोध कल्याणच्या एका दुकानात चाले. मामा मुरबाडहून सकाळच्या बसने जात, दुकानदाराकडून बटनांचं अख्खं खोकं मागून घेत आणि कलिंगडं वाजवून बघावीत तसं एकेक बटन कानाशी नेऊन अंगठ्याने दाबत. त्यांच्या लेखी जगातल्या बटनांच्या जाती दोन. 'खट्ट' म्हणणारी आणि 'खुट्ट' म्हणणारी. खट्ट म्हणजे आतली स्प्रिंग ताठ आहे, पत्र्याला पत्रा नीट भिडतोय. खुट्ट म्हणजे आतून आळशी. मला कित्येक वर्षं दोन्ही सारखीच ऐकू येत. पन्नासातली चार पास व्हायची. बाकीची ते पुन्हा ओळीने खोक्यात लावून ठेवत, म्हणून दुकानदारही काही बोलत नसे. उलट त्याने मामांसाठी एक स्टूल आणून ठेवलं होतं. एकदा त्याने कौतुकाने नव्या पद्धतीची, दाबताना अजिबात आवाज न करणारी बटनं दाखवली. मामांनी ती हातातही घेतली नाहीत. "काम केल्याचं जे सांगत नाय, ते काम करतं कशावरून?"

पास झालेल्या चार बटनांची खरी परीक्षा घरी होई. एक भातखाचरातल्या चिखलात पुरून ठेवायचं, कारण हळदीत नाचणाऱ्यांच्या पायांनी काय काय उडतं ते मामांनी बघितलेलं होतं. एक सुकट भिजवलेल्या पाण्यात, कारण माणसाच्या पायाच्या घामाला इतकं जवळचं घरात दुसरं काही नसतं. (ती वाटी मामींनी त्यानंतर स्वयंपाकघरात घेतली नाही.) तिसऱ्याला पेडलमध्ये सोल्डर मारायचं, म्हणजे वितळलेल्या धातूने वायरी चिकटवायच्या, तेव्हा पंखा बंद, टीव्ही बंद, शिंकायला बंदी. बटनाच्या पोटाखाली नऊ बारीक पाय असतात. तापलेलं टोक एकेका पायाला टेकवायचं ते दोन आकडे मोजेपर्यंत. "एक म्हन, दोन म्हन, उचल." तिसरा आकडा आला की आतलं प्लास्टिक वितळतं आणि चांगलं बटनही जन्माचं लुळं होतं, हे मामा घरातल्या प्रत्येकाला सांगून चुकले आहेत. माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीला शंभरपर्यंत आकडे येतात, पण 'दोन'नंतर ती 'उचल' म्हणून थांबते.

उरलेलं चौथं बटन उंबऱ्याशी. तिथल्या फळीत खोबण करून त्यांनी ते बसवलं होतं, वर पायपुसणं टाकलं होतं आणि वायर भिंतीवरच्या लहानशा लाल दिव्याला नेली होती. आत येणाऱ्याचा पाय पडला की दिवा लागे, पुढच्याचा पडला की विझे. पोस्टमन, गॅसवाला, भाजीवाली, शेजारच्या बाया, सगळे नकळत मामांच्या चाकरीला लागले होते. खुर्चीत बसून मामा दाराच्या चौकटीवर दर पावलाला एक अशा खडूने रेघा ओढत. मामी तेवढ्या उंबऱ्यावरून उडी मारून जात. "मी लग्न करून आलेय, तपासनीला नाय," असं त्यांचं म्हणणं.

माझ्या मेहुणीला बघायला पाहुणे आले तो दिवस मी विसरणार नाही. घरच्यांनी झाडलोट करून, पडदे बदलून सगळी तयारी केली होती, पायपुसण्याखालचं बटन मात्र सगळे विसरले. सगळ्यात आधी मुलाची आई आत आली आणि दिवा लागला. तिने विचारलं, "हा दिवा कसला हो?" मामांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, "तुमचा पाय पडला म्हनून लागला." बाईंचा चेहरा असा उजळला की बस. तेवढ्यात त्यांच्या मागून त्यांचे यजमान आत आले आणि दिवा विझला. बाईंनी नवऱ्याकडे वळून जे बघितलं, त्यात तीस वर्षांचा संसार होता. त्यानंतर मुलीला त्यांनी फार काही विचारलंच नाही. घर चांगलं आहे, माणसं पारखी आहेत, एवढं म्हणून स्थळ पक्कं करून गेल्या. मामांनी त्यांना वाटेला लावलं आणि परत येऊन चौकटीवर नऊ रेघा ओढल्या.

असे हे मामा. आणि गेल्या हिवाळ्यात एक दिवस त्यांनी खोक्यातलं प्रत्येक बटन नापास केलं.

डोळखांबकडच्या एका पाड्यावर आमच्या पार्टीचा कार्यक्रम दहा दिवसांवर आला होता आणि माझ्या नव्या पेडलला बटन तेवढं बसायचं राहिलं होतं. त्या दिवशी मी मामांना मोटरसायकलवरून कल्याणला नेलं. ते नेहमीच्या स्टुलावर बसले, पहिलं बटन कानाशी नेलं, दाबलं आणि बाजूला ठेवलं. दुसरं दाबलं, बाजूला ठेवलं. तासाभराने सगळं खोकं बाजूला गेलं होतं. मामा दुकानदाराला शांतपणे म्हणाले, "तुमी ती बिनआवाजाची आनलीत. ती नकोत मला."

दुकानदाराने एक बटन उचलून दाबलं. खट्ट झालं. मलाही कळावं इतकं स्वच्छ खट्ट. त्याने माझ्याकडे बघितलं, मी काउंटरच्या काचेकडे बघू लागलो. तो भला माणूस म्हणाला, "काका, माल बदलून ठेवतो. पुढच्या आठवड्यात या." येताना रस्त्यात मामा मागच्या सीटवरून कंपन्यांना नावं ठेवत होते. मी नुसता 'हो, हो' करत होतो, आणि वाऱ्यामुळे तेही त्यांना ऐकू येत नव्हतं की एरवीही आलं नसतं, याचा विचार करत होतो.

घरी मी मामींना एका बाजूला घेऊन सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "दोन वर्सं झाली, मी काय पन बोलले का ते 'बरं' म्हनतात. मला वाटलं सुधारले." मग त्यांचा हात थांबला. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तुमी सांगा त्यांना. मी सांगितलं तर पुन्ना 'बरं'च म्हनतील."

ते सांगणं काही मला जमेना. ज्या माणसाने सगळं शहाणपण कानात साठवलेलं, त्याला कान गेले हे कोणत्या तोंडाने सांगायचं? दोन दिवस मी वाक्यं जुळवत होतो. रविवारी बळ करून मुरबाडला गेलो, तर मामा पडवीत बसलेले आणि त्यांच्यासमोर वर्षानुवर्षं पास करून जपून ठेवलेल्या बटनांचा डबा पालथा घातलेला. एकेक उचलून ते कानाशी नेत होते, दाबत होते, खाली ठेवत होते. मी समोर जाऊन बसलो. 

"जावई," ते म्हणाले, "सगळी बटनं एकाच टायमाला मुकी होत नायत. एवढं इलेक्ट्रिकचं मला कळतं." मग हातातलं बटन खाली ठेवून, "फॉल्ट शोधताना आधी सगळ्यात जुना पार्ट बघायचा असतो. घरात सगळ्यात जुना मीच."

मी मोठ्याने म्हटलं, "मामा, कानाला मशीन मिळतं."

"बघू," ते म्हणाले. "कार्यक्रमाला किती दिवस राह्यले?"

मामी दारात उभ्या होत्या. त्या बाहेर आल्या, मामांच्या समोर फतकल मारून बसल्या आणि ढिगातलं एक बटन उचलून स्वतःच्या कानाशी धरलं. दाबलं. "ह्यो खट्ट," असं त्यांनी मामांना दिसेल इतकं तोंड उघडून सांगितलं. दुसरं दाबलं. "ह्यो खुट्ट. हा कसा पास केलात?" मामा म्हणाले, "तो खट्टच आहे, नीट ऐक." मामी म्हणाल्या, "ऐकतंय कोन, मी का तुमी?" त्यावरून दोघांचं जे जुंपलं ते दुपारच्या जेवणापर्यंत चाललं. शेवटी मामांनी हार मानली आणि मी गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

पुढच्या आठवड्यात दोघंही बसने कल्याणला गेली. मामी त्या दुकानात पहिल्यांदाच आल्या होत्या. दुकानदाराने आतून दुसरं स्टूल आणलं. मामा अंगठ्याने दाबायचे आणि मामी ऐकायच्या. मामींचा कान मामांच्याहून कडक निघाला. खोक्यात दोनच पास झाली. त्यांतलं एक डोळखांबला माझ्या पायाखाली होतं. त्या संध्याकाळी पाड्यावरची माणसं एकेक गाणं दोन-दोनदा म्हणायला लावत होती, आणि ते बटन एकदाही अडलं नाही. मामा समोर पहिल्या रांगेत माझ्या पायाकडे बघत होते. मी दाबलं की ते मामींकडे वळत, मामी मान हलवत, मग ते समाधानाने हाताची घडी घालत.

कानाचं मशीन आता आलं आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी ते उघडलं, आतलं बटन बघितलं आणि 'फालतू' असा शेरा मारून पुन्हा बंद केलं. घालतात कधी, कधी खिशातच राहतं. गिटार त्यातून भांडी घासल्यासारखी ऐकू येते, अशी त्यांची तक्रार आहे. म्हणून मी मुरबाडला गेलो की मामा मला पडवीत वाजवायला बसवतात. मशीन काढून ठेवतात, खुर्ची ओढून स्पीकरला चिकटून बसतात, त्याच्या लाकडी अंगावर तळहात ठेवतात आणि डोळे मिटतात. मी बटन दाबतो, आवाज बदलतो, आणि त्यांच्या हाताला ते कळतं. ते मान डोलावतात.

गेल्या खेपेला वाजवण्याच्या नादात मी बटन दाबायचंच विसरलो. तरीही, जिथे ते दाबायला हवं होतं नेमक्या त्या जागी मामांनी मान डोलावली.  मी हळूच पाय उचलून बटनावर ठेवला आणि गाणं पुढे नेलं.