तळ्यात जलपर्णी टाकतं कोण?

चेकरबाई निवृत्त झाल्या, पण त्यांची नजर काही निवृत्त झाली नाही. उभं आयुष्य बसमध्ये चढून तिकिटं तपासण्यात गेलेलं. खिडकीबाहेर जरा जास्तच मन लावून बघणारा, तपासनीस दिसताच गाढ झोप लागणारा, खिसे चाचपत "आत्ता तर होतं" म्हणणारा, असे सगळे त्या पायरीवरूनच हेरायच्या. घरीही तोच खाक्या. दूधवाला हसून बोलला तर त्या दूध आधी हुंगून बघत. नवरा होता तोवर म्हणायचा, "अगं, एखाद्यावर विश्वास टाकून तर बघ, हलकं वाटतं." त्यावर बाई म्हणायच्या, "पाकीट मारल्यावरही हलकंच वाटतं."

अशा बाईंना वस्तीमागच्या तळ्याची निगा राखणाऱ्या मंडळाने सभासद करून घेतलं. मंडळ चालवायच्या त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या मॅडम. बाहेरून येऊन इथे हातपाय पसरलेल्या वनस्पती ओळखायच्या आणि मुळासकट उपटायच्या, हे मंडळाचं काम. बाईंना ते भलतंच मानवलं. घाणेरी त्या डोळे मिटून ओळखू लागल्या: चौकोनी खोड, खरखरीत पान, चुरगळलं की नाकात जाणारा उग्र वास. गाजरगवत फुलण्याआधी जमिनीला चिकटून साळसूदपणे बसलेलं असतं. बाई त्याला तिथेच गाठायच्या, हातमोजे घालून उपटायच्या आणि म्हणायच्या, "विनातिकीट! चल, उतर खाली."

खरं दुखणं होतं ते जलपर्णीचं. मंडळाने सगळा हिवाळा खपून ती तळ्यातून ओढून काढली होती. चिखलात गुडघाभर उभं राहून सगळ्यांच्या कमरेचा काटा ढिला झाला. उन्हाळ्यात पाणी आटून काठाचा गाळ उघडा पडला, मग पुन्हा पाणी चढलं आणि पाहतात तो काय, काठाकाठाने हिरवे पुंजके तरंगताहेत! देठ फुग्यासारखे फुगलेले, पानं तुकतुकीत, अगदी नव्या दमाची जलपर्णी.

"एखादा तुकडा राहिला असेल," कुणीतरी म्हणालं.

"मी स्वतः बघितलंय, काही राहिलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "कुणीतरी आणून टाकतंय."

त्या दिवसापासून बाई तळ्यावर पाळत ठेवू लागल्या. व्यायामाला येणाऱ्यांच्या पिशव्यांकडे त्या अशा बघत, की दोघातिघांनी वाटच बदलली. आणि मग एका सकाळी त्यांना बाभळीच्या आडून ओळखीची पाठ दिसली. हातात झाकणाची बादली, मान खाली, मधूनच इकडेतिकडे बघत भरभर चाललेली. ते त्यांचे व्याही होते, त्यांच्या लेकीचे सासरे.

व्याह्यांचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. खाली काचेच्या टाक्यांची रांग, वर घर आणि मागच्या अंगणात पाणवनस्पतींची टाकी. एरवी मनमिळाऊ माणूस, पण बाईंचं त्यांच्याबद्दल मत आधीपासूनच राखीव होतं. लग्नाच्या बैठकीत ते फारच गोड बोलले होते.

बाई दुसऱ्याच दिवशी लेकीला भेटायचं निमित्त काढून अंगणात शिरल्या. एका टाकीत हिरवीगार पानं आणि निळसर फुलं डोलत होती. जलपर्णीची फुलंही अशीच. त्यांनी वाकून देठ चाचपला. फुगलेला नव्हता.

पण बाई कसल्या ऐकताहेत! दाटीत वाढली की जलपर्णीचा देठ फुगत नाही, नुसता लांब होतो, हे मॅडमनीच सांगितलं होतं. म्हणजे फुगा नाही हाच पुरावा!

"आई, तू काय शोधतेयस?" लेकीने मागून विचारलं.

"काही नाही गं. छान आहेत हो फुलं. सासरे रोज सकाळी कुठे जातात?"

"तळ्यावर. का?"

"बादली घेऊन?"

लेकीने आईकडे नीट बघितलं. ही नजर तिने लहानपणी फार सोसली होती. "आई, तू इथे तिकिटं तपासायला आलीयस का?" एवढं बोलून ती आत गेली आणि चहाचं नाव काढलं नाही.

पुढच्या बैठकीत बाईंनी बार उडवला. व्याहीही मंडळाचे सभासदच, समोरच्या खुर्चीत बसलेले. सगळ्यांदेखत बाई म्हणाल्या, "तळ्यात जलपर्णी कोण टाकतं ते मला कळलंय. तो माणूस इथेच बसलाय. दुकानात नको झालेली झाडं झाकणाच्या बादलीतून तळ्यात जातात."

व्याह्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "विहीणबाई, मी बादली रिकामी घेऊन जातो आणि भरून आणतो."

"झाकण कशाला मग?"

"त्या पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसतील असे किडे असतात. माझी माशांची पिल्लं त्यावरच जगतात. झाकण नसेल तर पाणी माझ्या विजारीवर सांडतं." ते उठले. "आणि विजार ओली झाली तर त्यावरही तुम्ही संशय घ्याल."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. व्याही निघून गेले. मॅडम मात्र बाईंना घेऊन तडक दुकानामागच्या अंगणात गेल्या. त्यांनी टाकीतलं एक झाड हळूच हलवलं. ते जागचं हललं नाही.

"मुळं गाळात रोवलीत, बघा. जलपर्णी तरंगते. आता फूल बघा. जलपर्णीच्या वरच्या पाकळीवर पिवळा डोळा असतो, मोराच्या पिसासारखा. इथे आहे?"

नव्हता.

"ही तिच्याच कुळातली, पण आपल्याकडचीच. पूर्वी तळ्यात होती. जलपर्णीने तिला हुसकावलं. तुमच्या व्याह्यांनी ती जपून ठेवलीय."

"मग तळ्यातली कुठून आली?" बाई अजूनही हटायला तयार नव्हत्या.

मॅडम म्हणाल्या, "गाळातून. तिचं बी वर्षानुवर्षं तळाशी पडून राहतं. गाळ उघडा पडला, ऊन लागलं, वर थोडं पाणी आलं की रुजतं."

मॅडमनी काठचा गाळ एका काचेच्या तबकात घालून आपल्या खिडकीत ठेवला. काही दिवसांनी त्यातून गवतासारखी बारीक पाती उगवली. बाईंनी ती चष्मा वरखाली करून बघितली. ना फुगा, ना गोल पान. हे जलपर्णीचं पोर आहे हे त्यांना ओळखूच येईना. आणि ओळखू येईना म्हणून त्यांना नवा संशय आला: मॅडमचं आणि व्याह्यांचं चांगलं जमतं, गोष्ट मिटवायला यांनीच काही पेरलं नसेल कशावरून?

त्यांनी कुणालाही न सांगता आपल्या हाताने गाळ आणला, घरातल्या जुन्या परातीत घातला आणि गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं. किल्ली कमरेला. रोज जाऊन बघायच्या. आधी पाती आली. मग पानं रुंद झाली. मग एका सकाळी एका इवल्या देठाला बारीकसा फुगा आला.

बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी कमरेची किल्ली चाचपून बघितली. कुलूप त्यांचं, किल्ली त्यांची. आळ घ्यायला जवळपास कुणी उरलंच नव्हतं.

त्या तशाच दुकानात गेल्या. व्याही टाकीची काच पुसत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"व्याहीबुवा, माझं चुकलं," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडाला सवयीचं नव्हतं, ते अर्ध्यात अडखळलं. "तुमच्यावर भलताच आळ घेतला."

"चारचौघांत घेतलात."

"चारचौघांत मागेन माफी."

"मागा," व्याही म्हणाले आणि काच पुसत राहिले. बस म्हणाले नाहीत, पाणीही विचारलं नाही. बाईंना वाटलं होतं, तो गोड माणूस "जाऊ द्या हो" म्हणेल. त्याने म्हटलं नाही, आणि का कुणास ठाऊक, त्यामुळेच बाईंना त्याचं बोलणं पहिल्यांदा खरं वाटलं.

पुढच्या बैठकीत बाईंनी उभं राहून शब्द न गाळता माफी मागितली. व्याही ऐकून घेऊन खाली बघत बसले. लेक त्यानंतरही बरेच दिवस फोनवर "हो", "नाही", "ठेवते" एवढंच बोलायची. जावईच मध्ये कधी तरी ख्यालीखुशाली कळवायचा.

तळ्याचं काम मात्र थांबण्यासारखं नव्हतं. गाळातलं बी संपेपर्यंत दर वर्षी रोपं येणार, ती फुगा धरण्याआधीच वेचायची, असं ठरलं. गवत कोणतं आणि जलपर्णीचं पातं कोणतं हे बाईंना धड उमगायला पुढचा सबंध हंगाम गेला. त्या एक पातं उपटत, उजेडात धरत, शंका आली की मॅडमना हाक मारत. एका सकाळी हाक मारली तेव्हा मॅडम लांब होत्या. गमबूट घालून पलीकडे वाकलेले व्याही चिखल तुडवत आले, पातं हातात घेऊन त्यांनी निरखलं.

"गवत आहे, विहीणबाई. राहू द्या त्याला."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, पात्याकडे बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे बघितलं. ओठांवर आलेलं "नक्की?" त्यांनी गिळलं आणि पातं परत चिखलात खोचलं.