बाइंडरने ऐकलेली नऊ प्रकरणं

पुस्तकं बांधण्यात बाइंडरची एकेचाळीस वर्षं गेली, पण पुस्तक वाचण्याच्या भानगडीत तो कधी पडला नाही. हात खळीने बरबटलेले असताना पान उलटायचं कसं, असा त्याचा सवाल असे. दुकान एका खोलीचं. दारात दाबाचं यंत्र, मागे कटिंग मशीन, भिंतीला फर्म्यांच्या थप्प्या. छापखान्यातून आलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो. असे फर्मे क्रमाने एकावर एक लावायचे, शिवायचे, कडा कापायच्या आणि वर पुठ्ठा चढवायचा. एक फर्मा इकडचा तिकडे झाला तर गिऱ्हाईक पुस्तक तोंडावर फेकतं. आपल्या हातून असं एकदाही झालेलं नाही, हे बाइंडर कोणी विचारलं नाही तरी सांगायचा.

दोन वर्षांपूर्वी जावयाने त्याला फोन घेऊन दिला आणि त्यात वाचनालयातली ध्वनिमुद्रित पुस्तकं भरून दिली. जावई घाईचा माणूस. त्याने ती फोनमध्ये जिथे गाणी असतात तिथे कोंबली, कुठलं बटण दाबायचं ते सांगितलं आणि निघून गेला. बाइंडरने बटण दाबलं. तेव्हापासून दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत त्याच्या कानात कोणीतरी वाचत असे.

आता ऐकणं एकवेळ परवडलं, पण मत न देता ऐकायचं हे काही बाइंडरच्या स्वभावात बसेना. पुठ्ठ्याचे कापून उरलेले तुकडे दुकानात ढिगाने पडलेले असत. पुस्तक संपलं की तो त्यातल्या एकावर अभिप्राय लिही आणि वाचनालयाची फाटकी पुस्तकं पोचवायला गेला की ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर ठेवी. बाईंनी पहिला तुकडा गंमत म्हणून फळ्यावर लावला. दुसरा लोकांनी मागितला म्हणून लावला. तिसऱ्यापासून तो फळा बाइंडरचाच झाला.

एका रहस्यकथेवर त्याने लिहिलं होतं: ‘खुनी सुरुवातीलाच सापडतो, मग खून होतो, मग इन्स्पेक्टर कामावर रुजू होतो. उत्सुकता ताणण्याच्या स्वस्त युक्त्या लेखकाने टाळल्या आहेत. वाचणाऱ्या गृहस्थांना सर्दी झाली होती. त्यांनी बरं होऊन वाचायला हवं होतं.’

एका उद्योगपतीच्या चरित्रावर: ‘सकाळी वारला, जेवणाच्या सुट्टीत निवृत्त झाला, दुकान बंद करताना जन्मला. जाताना माणसाच्या मनात आयुष्य असंच मागे मागे जात असणार. पटलं.’

यशाच्या दहा पायऱ्या सांगणारं एक पुस्तक सातव्या पायरीपासून सुरू झालं आणि चौथीवर संपलं. त्यावर त्याने ‘प्रामाणिक पुस्तक, यश असंच मिळतं’ एवढंच लिहिलं. मध्येच कोणी वाचक ‘प्रकरण नववे’ म्हणे आणि त्याच्यामागून ‘प्रकरण दुसरे’ म्हणे, तेव्हा तो नव्या लेखकांची ही एक खोडच आहे म्हणून सोडून देई.

फळ्यापुढे लोक थांबून वाचत. ज्यांनी ती पुस्तकं वाचली होती त्यांना शंका यायला हवी होती, पण त्यांना आली ती स्वतःबद्दल. आपलंच काहीतरी वाचायचं राहिलं, असं त्यांना वाटे. एका निवृत्त प्राध्यापकांनी तर ‘या माणसाकडे दृष्टी आहे’ असं चारचौघांत सांगितलं आणि तेच चरित्र दुसऱ्यांदा घरी नेलं.

एका प्रेमकथेवर मात्र बाइंडर चिडला होता. ‘आधी मुलांची शाळा, मग लग्न, मग ओळख. आजकाल असंच चालतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण वाचणाऱ्या बाई प्रत्येक वाक्याचं शेपूट खातात. शेवटचे दोन शब्द ऐकूच येत नाहीत. हा लिहिणाऱ्याचा अपमान आहे.’ हे लिहिताना त्याचा हात अडखळला की नाही, माहीत नाही. अडखळायला हवा होता.

कारण एकतीस वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या बहिणीने, छोटीने, त्याच्याकडे कागदांचा एक गठ्ठा बांधायला आणून दिला होता. छोटी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. दोन फोनच्या मधल्या वेळात, रद्द झालेल्या फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर, तिने तीन वर्षं एक गोष्ट लिहिली होती. कागद वाया जाऊ नये म्हणून ओळी अगदी कडेपर्यंत नेल्या होत्या. दुसरी प्रत नव्हती. बाइंडरने तो गठ्ठा कुठल्याशा कंपनीच्या दहा रजिस्टरांबरोबर मशीनखाली लावला, रजिस्टरांच्या मापाने पट्टी सरकवली आणि पातं खाली आणलं. प्रत्येक ओळीचे शेवटचे दोन शब्द टोपलीत पडले. टोपली संध्याकाळी रद्दीत गेली.

दुसऱ्या दिवशी छोटीने दुकानात उभ्या उभ्या वही उघडली. पहिलं पान वाचलं, मग मधलं एक वाचलं. बाइंडरला तेव्हाच कळलं होतं. पण दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि चुकलो म्हणायला लागणारी जीभ त्याला देवाने दिलीच नव्हती. तो म्हणाला, “समास सोडून लिहितात छोटे. आधी ते शीक.” गिऱ्हाइकं हसली. छोटी वही घेऊन गेली.

भांडण झालं नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. छोटी लग्नकार्याला आली, आजारपणात धावून आली, वहिनीचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस राहिली. पण जेवलास का आणि गोळी घेतलीस का, याच्यापुढे बहीणभाऊ कधी गेले नाहीत. बाइंडरला या जन्मात छोटीकडून एकच गोष्ट हवी होती. तिने आपल्याला माफ केलं आहे, हे त्याला कळायला हवं होतं, आणि तेही न विचारता. विचारायचं म्हणजे आधी चूक कबूल करावी लागणार. तिथे सगळं अडलं होतं.

यंदा वाचनालयाने गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात मुद्रित करून घ्यायला सुरुवात केली. एक दिवस ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “तुमच्या बहिणीचं पूर्ण झालं. नऊ प्रकरणं आहेत. इतका स्वच्छ आवाज आम्हाला आजवर मिळाला नव्हता. तुमचा अभिप्राय हवाच.”

बाइंडरने फोन पुढे केला, बाईंनी त्यात पुस्तक भरून दिलं, आणि तो तीन दिवस ते ऐकायचं टाळत राहिला. चौथ्या दिवशी खळ कालवून झाल्यावर त्याने बटण दाबलं.

आधी छोटी एक्स्चेंजमधून निवृत्त झाली. मग तिने नवऱ्याच्या बदल्यांबद्दल सांगितलं. आणि मग, काही कल्पना नसताना, वही आली. आवाज चढला नाही की दाटला नाही. “कागद कापले गेले,” छोटी कानात म्हणाली. “माझा भाऊ म्हणाला, समास सोडून लिहितात, आधी ते शीक. त्या दिवसानंतर मी काही लिहिलं नाही. गोष्टीत काय होतं ते त्याला माहीत नाही, कारण त्याने कधी विचारलं नाही.”

बाइंडरचा ब्रश खळीतच राहिला. पण तो काही विचार करणार तेवढ्यात फोन पुढच्या प्रकरणावर गेला. तिथे एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीचं राँग नंबरवाल्याशी लग्न जमलं, आणि दहा मिनिटांत बाइंडर हसत होता. संध्याकाळी नवांपैकी शेवटचं राहिलेलं प्रकरण लागलं. त्यात छोटी सात वर्षांची होती आणि दादा तिला सायकल शिकवत होता. “सीट सोडू नकोस म्हटलं होतं. त्याने नाही सोडली. अख्ख्या गल्लीतून अनवाणी माझ्यामागे पळाला. पडायची मी, आणि गुडघे त्याचे फुटले. असा भाऊ मिळायला नशीब लागतं.” आणि पुस्तक संपलं.

बाइंडर यंत्राला टेकून रडला. अगदी पोरासारखा रडला आणि त्याला बरं वाटलं. ज्या बाईने वहीची गोष्ट मध्येच उरकून टाकली आणि सायकल शेवटाला ठेवली, तिच्या मनात काय शिल्लक असणार? कुठे संपवायचं हे लिहिणारा पूर्ण विचार करून ठरवतो, एवढं तरी पुस्तकांत एकेचाळीस वर्षं काढलेल्या माणसाला कळत होतं. त्याने चांगला मोठा तुकडा निवडून लिहिलं: ‘आठवणी. तक्रारीची एक गोष्ट आहे ती मध्ये येते आणि तिथेच शोभते. तिच्यावर न रेंगाळता लेखिका पुढे जाते. मन मोठं असल्याशिवाय असा शेवट सुचत नाही. हल्लीचं सर्वात उत्तम पुस्तक.’ शनिवारी तो तुकडा फळ्यावर लागला. रविवारी दुपारी बाइंडर, एकतीस वर्षांत पहिल्यांदाच काही निमित्त नसताना, बहिणीच्या घरी गेला.

छोटी स्टुलावर उभी राहून खिडकीच्या काचा पुसत होती. “दादा? वहिनी बरी आहे ना?”

“बरी आहे. तुझं पुस्तक ऐकलं. म्हटलं, समोरच सांगावं.” आणि त्याने पाठ केलेला अभिप्राय म्हणून दाखवला.

छोटीचा हात काचेवर थांबला. “सायकलचं शेवटी?”

“हो. तिथे तर मी...” बाइंडर थांबला. “फार छान केलंस.”

“अरे, सायकल पहिल्या प्रकरणात आहे.”

“शेवटी आहे. मी कानाने ऐकलंय.”

“मी तोंडाने सांगितलंय,” छोटी म्हणाली. “दे तो फोन.” तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन डोळ्यांशी धरला. “ही बाणांची खूण पेटलेली दिसते का? एकमेकांवरून गेलेले दोन बाण? ही गाण्यांसाठी असते. क्रम मोडून वाजवते. केव्हापासून आहे ही?”

“मी कशाला हात लावलेला नाही. जावयाने दिला तसाच आहे.”

“म्हणजे दोन वर्षं,” छोटी म्हणाली आणि हसायला लागली. स्टुलावरून पडेल इतकी हसली. तीही फळा वाचणाऱ्यांपैकीच होती ना. “अरे, तो खुनी. आणि तो जेवणाच्या सुट्टीत निवृत्त झालेला.”

“तो आधी जन्मला असणार,” बाइंडर हळूच म्हणाला. त्याला सगळे अभिप्राय एकदम आठवत होते. प्राध्यापकही आठवत होते. पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी वर येत होतं, आणि ते काय आहे हे त्याला विचारायच्या आधीच कळलं होतं. “मग शेवटी काय आहे, छोटे?”

छोटीचं हसू थांबलं. तिने ती खूण विझवली, नववं प्रकरण लावलं, फोन खिडकीत ठेवला आणि पाठ करून काच पुसू लागली.

तेच शब्द होते. कागद कापले गेले. समास सोडून लिहितात. कारण त्याने कधी विचारलं नाही. मागच्या वेळी इथून फोन पुढे गेला होता. या वेळी तो कुठेच गेला नाही. राँग नंबरवाली मैत्रीण आली नाही की सायकल आली नाही. पुस्तक इथेच संपत होतं, आणि खोलीत फक्त काचेवर फडकं घासल्याचा आवाज होता. बाइंडरला उठून निघून जावंसं वाटलं. भीती वाटली. पण उठला नाही.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “पट्टी मी चुकीची लावली होती. तुझ्या लिहिण्यात काही खोट नव्हती. मला तेव्हाच कळलं होतं.”

छोटीचं फडकं थांबलं.

“काय होतं गं त्या गोष्टीत?”

ती सावकाश स्टुलावरून उतरली, फडक्याची घडी केली आणि त्याच्यासमोर बसली. साठीची बाई, पण बसली ती शाळेत नाव पुकारल्यावर बसतात तशी सरळ.

“एक बाई असते,” ती म्हणाली. “एक्स्चेंजमध्ये. रोज दुपारी तिला एका माणसाचा फोन येतो. त्याला कोणाशी बोलायचं नसतं, कुठला नंबर नको असतो. तो रोज तिला एकच प्रश्न विचारतो. तो म्हणतो, बाई, तुमच्याकडे...”

बाइंडर वाट बघत राहिला. छोटीचे ओठ हलले. तिने डोळे मिटले, पुन्हा उघडले, पहिल्यापासून मनात म्हणून पाहिलं.

“तुमच्याकडे काय?” त्याने विचारलं.

“ते कापल्यात गेलं, दादा,” छोटी म्हणाली. “मला वाटायचं, तू विचारलंस की आठवेल.”