झेल्मामावशीचं फडकं

रीगामधल्या आमच्या कारखान्याच्या क्लबात अक्कल फक्त एका माणसाला होती, आणि तिला पगार सगळ्यात कमी होता. झेल्मा स्प्रूजे. बास्केटबॉलच्या हॉलची जमीन राखायचं काम तिचं. वय साठीच्या पुढे, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. हॉलच्या मागे तिची एक खोली होती. नोकरी आहे तोवर खोली, असा हिशेब.

हॉलच्या प्रत्येक दाराशी ती ओलं फडकं अंथरायची. त्यावर बूट पुसल्याशिवाय तिच्या फळ्यांवर कोणी पाय ठेवायचा नाही. आम्ही हसायचो. ती म्हणायची, "हसा. ओला तळवा जमिनीला धरतो. तुमच्या डोक्यात काही धरत नाही, निदान पायांत तरी धरू दे."

युरोपातल्या क्लबांची अजिंक्यपद स्पर्धा तेव्हा नवी नवी होती. एक सामना त्यांच्या गावात, एक आपल्या, आणि दोन्हींचे गुण मिळवून निकाल. बेल्जियममध्ये जाऊन आम्ही अकरा गुणांनी जिंकून आलो होतो. म्हणजे घरी दहाने हरलो असतो तरी पुढे गेलो असतो. एवढं सोपं काम बिघडवायला खास माणूस लागतो. तो आमच्याकडे होता. क्लबाचा अध्यक्ष याझेप्स क्रूक्लिस. या गृहस्थाने जन्मात चेंडू हातात धरला नव्हता, पण फोटोत चेंडूच्या सगळ्यात जवळ हाच असायचा.

सामन्याच्या आदल्या दिवशी त्याचा नाव-दिवस आला. पंचांगात आपलं नाव ज्या दिवशी, त्या दिवशी आमच्याकडे कोणाला बोलवत नाहीत. येईल त्याला दार उघडायचं आणि खाऊ घालायचं. अध्यक्षाकडे कोण येणार नाही? निम्मा कारखाना लोटला. घरात मावेनात म्हणून क्रूक्लिसने दुपारपासून हॉलच उघडला. केक आला, बाल्समची कडू दारू आली, बँड आला. पाय छान सरकावेत म्हणून कोणी शहाण्याने डझनभर मेणबत्त्या किसून जमिनीवर भुरभुरवल्या. आणि मग आमचे फोरमन आणि त्यांच्या बायका त्या फळ्यांवर गरगर फिरल्या. झेल्मामावशी कोपऱ्यात उभी राहून प्रत्येक गिरकी बघत होती. नंतर म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं. यांनी अंगणच वाकडं करून ठेवलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती सोडा आणि गरम पाणी घेऊन गुडघ्यांवर बसली आणि एकटीने सगळी जमीन घासून काढली. आम्ही सकाळी सरावाला आलो तेव्हा फळ्या कोरड्या, फिकट, खरखरीत होत्या. चेंडू सरळ हातात येत होता. खेळायला याहून चांगली जमीन मी पाहिलेली नाही.

तेवढ्यात क्रूक्लिस आला, डोळे सुजलेले. जमीन बघून त्याचा चेहरा पडला.

"ही काय दशा? परदेशी पाहुणे येणार, फोटोवाले येणार. चकाकी कुठाय?"

"साहेब, चकाकीवर पोरं आपटतील," झेल्मामावशी म्हणाली.

"मेण लाव. आणि ती घाणेरडी फडकी उचल."

हे आम्ही बाराही जणांनी ऐकलं. ती पहाटे बसली होती तशीच परत गुडघ्यांवर बसली आणि तिने मेण लावलं. आमच्या दारातलं फडकं क्रूक्लिसने स्वतः पायाने ढकललं. पाहुण्यांच्या खोलीच्या दारातलं मात्र राहिलं, कारण तोवर पाहुणे तिथे उतरले होते आणि त्या परदेशी लोकांशी काय बोलावं हे त्याला कळेना.

सामना काय सांगू. आमचा खेळ धावण्याचा, आणि आम्ही धावलो की बसत होतो. मी स्वतः एकदा उघड्या बास्केटखाली असा आडवा झालो की प्रेक्षक हसायचंही विसरले. बेल्जियमवालेही सुरुवातीला दोनदा पडले. मग त्यांचा प्रशिक्षक खोलीच्या दारातलं ते फडकं उचलून बाकापाशी घेऊन आला. दर विश्रांतीला एकेकाचे बूट त्यावर पुसून घ्यायचा. आम्ही चौदाने हरलो. स्पर्धा संपली.

तीन दिवसांनी क्लबाची बैठक भरली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला असल्या बैठका फार सोयीच्या असतात. क्रूक्लिसने कागद वाचला: जमीन राखणारीने कोणाला न विचारता मेण लावलं, तिला कामावरून कमी करावं. झेल्मामावशी उठली. तिने आमच्याकडे, आम्हा बारा जणांकडे, एकेक करून पाहिलं.

"या पोरांना विचारा," एवढंच म्हणाली आणि बसली.

विचारलं कोणी नाही. क्रूक्लिस म्हणाला, मान्य असेल त्यांनी हात वर करा. पुढच्या महिन्यात पॅरिसला मैत्रीचा सामना होता आणि जाणाऱ्यांची यादी याच माणसाच्या खिशात होती. क्रूक्लिसला मी आजवर मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या, पण तो निदान स्वतःची कातडी वाचवत होता. मी एका सहलीसाठी हात वर केला. माझी उंची सहा फूट पाच इंच. सगळ्यात वर गेला तो माझाच हात.

पॅरिसच्या यादीत माझं नाव नव्हतं. तेही बरंच झालं.

झेल्मामावशी शहराच्या पार टोकाला, बोल्डेरायाला, बहिणीच्या खोलीत राहायला गेली. तिच्या पुढच्या नाव-दिवसाला मी पाच ट्युलिप आणि केकचा डबा घेऊन गेलो. ट्राममध्ये दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं. दार तिनेच उघडलं. मागे टेबलावर सहा कप मांडलेले होते, सगळे कोरडे. उंबऱ्यात तेच ओलं फडकं. मी बूट पुसायला लागलो. पुसून झाले तरी पुसत राहिलो, वर बघायची हिंमत होईना.

"बूट झाले," ती म्हणाली. "आता हात पूस."

मी वाकलो आणि उजवा हात त्या फडक्याला पुसला. मग तिने मला आत घेतलं, कारण नाव-दिवसाला आलेल्याला दारातून परत पाठवायची आमच्याकडे पद्धत नाही.